दोन सूत

चष्म्याच्या दुकानातून बाहेर पडून तो पंचवीस पावलं चालला असेल नसेल, तोच डाव्या हाताच्या गल्लीतून एक आवाज आला आणि त्याचा पाय फुटपाथच्या कडेवरून घसरला. पडला नाही, पण मागून येणाऱ्या बाई "अहो, जरा बघून" म्हणाल्याच. आवाज पुन्हा आला. आधी किक मारल्याची खरखर, मग एक ठसका, आणि मग तो सुटलेला, पातळ, कानशिलात शिरणारा फटफटाट. झोपेतून उठवून ऐकवला असता तरी त्याने गाडी ओळखली असती, तिचं साल सांगितलं असतं, पिस्टनचा घेर सांगितला असता. हजार पोरांत आईला आपल्या पोराचं रडणं कळतं म्हणतात. त्याला मूलबाळ नव्हतं. गर्दीतून ओळखावा असा हा एकच आवाज त्याच्या वाट्याला आला होता, आणि तोही तीस वर्षांत कानावर पडला नव्हता. वरच्या खिशातला बायकोचा नवा चष्मा त्याने नकळत दाबून धरला. आवाज तोच होता, फक्त एक केसभर कडक होता. हा कडकपणा त्याला लगेच कळला, आणि कळल्याबरोबर त्याने तो मनातल्या मनात झाकून टाकला.

गल्लीत तिसरं शटर अर्धं वर होतं. खालून त्याला आधी चाकं दिसली, जाड गोट्यांच्या टायरची, मातीत पळायची चाकं. मग फ्रेम, नव्याने रंगवलेली. मग वाकलेली दोन माणसं. मोटोक्रॉसची गाडी, सीट अजून बसवलेली नाही, लाल टाकी बाजूच्या टेबलावर उलटी, पेट्रोल वर टांगलेल्या बाटलीतून. गाडीपाशी गुडघे टेकून बसलेली मुलगी म्हणजे त्याची पुतणी, त्याच्या दिवंगत थोरल्या भावाची एकुलती एक. कोपरापर्यंत काळी झालेली. आणि तिच्या शेजारी सायलेन्सर. हे नाव यानेच ठेवलेलं, कारण त्या माणसाच्या तोंडाला कधी खीळ नव्हती. "काका, धूर बघा, धूर!" पुतणी इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली, आणि याचं तोंड उघडलं. खरंच उघडलं. 'निळा आहे का?' असं तो विचारणारच होता, इतक्यात सायलेन्सर म्हणाला, "निळा आहे, निळा आहे, कमी होईल, तेल जरा जास्त झालंय." म्हणजे काका तो होता. बसचा कंडक्टरही काका असतो, हे याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या पोरीच्या बापाला भाऊ एकच होता आणि तो इथे खांबाआड उभा होता, खिशात बायकोचा चष्मा घेऊन. ती हसली, सायलेन्सर हसला, धूर दोघांच्या अंगावरून गल्लीत आला आणि याच्या नाकात शिरला. तो मागे फिरला. धुराने नव्हे.

घरी जायला पंधरा मिनिटं लागतात. त्या दिवशी पाऊण तास लागला. शर्यतींच्या दिवसांत हा सायलेन्सर संध्याकाळी याच्या हाताखाली शिकायला यायचा. पाना कसा धरायचा इथपासून सगळं याने शिकवलेलं. पुढे त्याने स्वतःचं दुकान टाकलं, आणि याने आधीपासून धरलेला कारखान्याच्या टूलरूममधला लेथ आजतागायत सोडला नाही; निवृत्तीला चार महिने उरले होते. आता आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसा तो जाऊन बसला होता. पण आयतं बीळ तरी कसं म्हणायचं? बीळ यानेच रिकामं सोडलं होतं. आठ महिन्यांपूर्वी पुतणी घरी आली होती. सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाली होती, "काका, बाबांची गाडी आईने बाहेर काढलीये. जुन्या गाड्यांच्या शर्यती असतात, त्यात मी ती पळवणार आहे. तुम्ही उभी करून द्याल?" आणि हा म्हणाला होता, "भंगारात दे. इतकी वर्षं पडलेल्या लोखंडात काय राहतंय?" आता, या बोलण्याचा अर्थ नाही असा होत नव्हता. याचा अर्थ होता, पुन्हा विचार. दुसऱ्यांदा विचार, तिसऱ्यांदा जरा लाडाने विचार, मग मी सुस्कारा टाकीन, आहे कुठे ते धूड म्हणून विचारीन, आणि रविवारी सकाळी पेटी घेऊन तुझ्या दारात हजर होईन. पण तिने पडत्या फळाची आज्ञा घ्यावी तसं "बरं" म्हटलं, चहा संपवला आणि गेली. हल्लीच्या मुलांना नाही म्हणजे नाहीच समजतं, याला काय म्हणायचं! त्यानंतर दारावरची घंटा वाजली की आठ महिने तो हातातलं ठेवून आधी स्वतः उठत होता. कपाटातला मोजमापाचा डायल गेज काढून, पुसून, तेलाचं बोट लावून परत ठेवत होता. घंटा वाजवणारा कधी दूधवाला असायचा, कधी खालच्या मजल्यावरच्या बाई.

"चष्मा आणलात?" बायकोने विचारलं.

त्याने चष्मा दिला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला. "ती गाडी सायलेन्सरकडे आहे, तुला माहीत होतं?"

"हो. सहा महिने झाले."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही भंगारात दे म्हणाला होतात. मला वाटलं, तोच तुमचा भंगारवाला." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, खिडकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "पोरीने पायघड्या घालायला हव्या होत्या का? ही एक काडी ढिली आहे बघा. तुमच्याकडे बारीक पेचकस आहे ना, आवळून द्या." आणि मग, चष्म्यातून नीटच दिसत असल्यामुळे असेल, "चेहरा असा काय झालाय?"

"कसा?"

"मोठे भाऊजी कप घेऊन यायचे तेव्हा व्हायचा तसा."

दादा वाईट नव्हता. तोच तर सगळा त्रास होता. वाईट असता तर याने त्याच्यावर मनसोक्त राग धरला असता, चार लोकांत बोलून दाखवला असता, मोकळा झाला असता. पण दादा जिंकून आला की कप आधी याच्या हातात द्यायचा, "धर, तुझाच आहे" म्हणायचा, आणि तसं त्याला खरंच वाटायचं. मग तो कप दादाच्या कपाटात जायचा, कारण दादाकडे कपाट होतं. आठवडाभर इंजिन उघडून, पोर्टच्या कडा कानसून, सिलिंडरच्या भिंतीवर बोट फिरवत हा बसायचा, आणि रविवारी दादा गाडीवर टांग टाकायचा नि ती उंचवट्यावरून अशी वर जायची की मैदानाच्या कडेचे लोक एकदम गप्प व्हायचे. ते गप्प होणं दादाचं होतं. पेपरात फोटो आला होता. दादा, कप, हेल्मेट काखेत, आणि उजव्या कडेला एक कोपर. ते कोपर याचं. वहिनीने फोटो चौकटीत बसवला तेव्हा चौकट बोटभर लहान पडली आणि कोपरही गेलं. एकदा, शर्यतीच्या आदल्या दिवशी, मोकळ्या मैदानावर त्याने स्वतः गाडी घेतली होती. पहिल्या उंचवट्यावर गाडी वर गेली, तोही वर गेला, पण खाली येताना दोघं वेगवेगळे आले. दादा धावत आला, हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, याला उठवलं, पाठीवरची माती झटकली आणि म्हणाला, "वेड्या, तू पाना धर." किती मायेने म्हणाला होता. दुसरा कुणी म्हणाला असता तर विसरून गेलो असतो, असं त्याला पुढे अनेकदा वाटलं. दादा गेला, दीड वर्ष होऊन गेलं. खुर्चीत पेपर वाचता वाचता गेला, मरणही असं सहज आणि देखणं. सगळे रडले, हाही रडला, आणि रडता रडता त्याच्या मनात आलं की आता कपाटातल्या कपांचं काय करतील. या विचाराची लाज त्याने अजून कुणाला सांगितलेली नव्हती.

आणि आणखी एक गोष्ट सांगितलेली नव्हती. पिस्टन वर पोचायच्या जराशी आधी ठिणगी पडायला हवी. किती आधी, यावर सगळा खेळ. उशिरा पडली तर गाडी मरगळते. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यातच घाव बसतो. दुकानात उभी असताना काही कळत नाही, आवाज तेवढा केसभर कडक लागतो. पण मैदानात, चौथ्या-पाचव्या फेरीत, चढावर मूठ पूर्ण पिळलेली असताना पिस्टनला भोक पडतं, तो सिलिंडरला चिकटतो, मागचं चाक जागच्या जागी आवळलं जातं आणि वर बसलेलं माणूस हँडलवरून पुढे फेकलं जातं. ठिणगीची ही वेळ लावण्यासाठी मॅग्नेटच्या चाकावर कारखान्याने मारलेली एक बारीक रेघ असते. शेवटच्या हंगामात त्याने ती रेघ कथलाने बुजवली, घासून गुळगुळीत केली, आणि तिथून दोन सूत सरकून, म्हणजे पाव इंचावर, पंचने आपले तीन ठिपके मारले. तीन ठिपके ही त्याची सही. हातून गेलेल्या प्रत्येक कामावर तो ती मारायचा. त्या ठिपक्यांवर टायमिंग लावलं की ठिणगी नको तितकी लवकर. खरं टायमिंग तो दर वेळी प्लगच्या भोकातून डायल गेज घालून लावायचा, जवळ कुणी नसताना. दुसऱ्यांचे मेकॅनिक येऊन डोकावतात, चोरांना चोरू दे खोटी खूण, असं त्याने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं आणि बरीच वर्षं ते पटवूनही घेतलं होतं. पण त्याच्या आदल्याच रविवारी मैदानातून परतताना दादा म्हणाला होता, "त्या मोठ्या टीमचा मेकॅनिक भेटला. एकदा गाडी आणून दाखव म्हणतोय. देऊन बघू या का रे?" आणि हा म्हणाला होता, "दे की." तेव्हाही त्याचा अर्थ दे असा नव्हता. ठिपके त्याने दुसऱ्या दिवशी मारले. चोरांसाठी नाही, दादासाठी. दुसऱ्याच्या हातात गेलास तर तोंडघशी पडशील, इतकं साधं होतं ते.

दादाने गाडी दिली नाही. त्या हंगामात नाही, नंतर नाही. मग दादाचा गुडघा गेला, मुलगी झाली, गाडी चादरीखाली गेली, आणि शेवटपर्यंत याच्याशिवाय त्या इंजिनाला कुणाचा हात लागला नाही. ठिपके मात्र राहिले. उद्या काढू, पुढच्या रविवारी काढू, असं करता करता राहिले. मनाच्या तळाशी त्याला ते काढायचेही नव्हते. त्या गाडीत दादाचं नाव होतं, दादाचं बूड होतं, दादाचे कप होते. ही दोन सुतं तेवढी कुणाला ठाऊक नसलेली, निव्वळ त्याची.

मंगळवारी तो गल्लीवरून गेला. बुधवारीही गेला, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने, जणू तिकडच्या दुकानात त्याचं काही काम होतं. चोराच्या मनात चांदणं. शटर खाली असलं तरी आतून कुणी बघतंय असं वाटायचं. सायलेन्सर बावळट नाही, तो मनाशी म्हणायचा, गेज लावून बघेलच. बघेलच की. आणि नाही बघितलं तर? तर त्याची अक्कल निघेल, चारचौघांत निघेल, काका म्हणवून घेतो नाही का. इथपर्यंत विचार आला की त्याला बरं वाटायचं, आणि लगेच त्या विचारात गाडीवर कोण बसलंय ते दिसायचं. गुरुवारी संध्याकाळी मात्र शटर पूर्ण वर होतं आणि सायलेन्सरने त्याला पाहिलं.

"उस्ताद! अहो उस्ताद, या, या, बाहेर काय उभे? मी म्हणतच होतो हिला, उस्ताद येणार, पाय निघणारच नाही त्यांचा. स्टूल दे गं. तुम्हाला बोलवायला येणारच होतो, पण ही म्हणाली काकांना नाही आवडणार, त्यांनी भंगारात दे म्हटलंय. मी म्हटलं, उस्ताद बोलतात तसं, मनात नसतं..." तो बोलत राहिला. याने स्टुलावर न बसता गाडीभोवती चक्कर मारली. खोट काढायचीच या निश्चयाने मारली. स्पोक बोटाने वाजवून पाहिले. सगळे एका सुरात. फोर्कच्या नळ्यांवरून नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही. टाकीचा लाल, तोच लाल, दादाच्या टाकीचा. वेल्डिंग साफ, केबलींना वळणं योग्य तिथे, प्रत्येक नट बरोबर जितका आवळायचा तितकाच. इतकं चांगलं काम झालं होतं की त्याला दरदरून घाम आला. आपण केलं असतं तर याहून काय वेगळं केलं असतं, याचं उत्तर सापडेना. आणि कोपऱ्यात पुतणी व्हाइसमध्ये आवळलेला पितळेचा एक तुकडा कानसत होती. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणारी पोर; कानस अगदी सपाट चालत होती, परतताना उचलली जात होती, अंगठा वर. दादाला कानस कधी धरता आली नाही. हे हात दादाचे नव्हते. कुणाचे होते ते त्याला दिसत होतं, आणि ते हात दुसऱ्याच्या व्हाइसवर चालत होते. शेवटी एकदाचा किकचा रबर सापडला. मूळचा रेघांचा होता, हा गुळगुळीत. "हा रबर याचा नाही," तो म्हणाला, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं.

"बघ! मी म्हटलं नव्हतं? उस्तादांच्या नजरेतून काही सुटत नाही," सायलेन्सर मनापासून खूश होऊन म्हणाला. "आणि हे बघा, टायमिंग. तुम्हाला गंमत सांगतो. मी गेज लावला, तर आलं भलतंच. कंपनीच्या पुस्तकात आहे तेच गेज सांगतोय, आणि चाकावर बघतो तर खूण वेगळी. नीट पुसून बघतो तर तीन ठिपके. माझ्या अंगावर काटा आला. ही म्हणाली, पुस्तकाप्रमाणे लावू या. मी म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्याने ही गाडी पळवलीये का? ज्याने पळती ठेवली त्याची सही आहे ही. काहीतरी विचार असणार. उस्तादांनी उगाच पंच उचलला नाही कधी. लावून टाकलं ठिपक्यांवर!"

कानस थांबली. पुतणी हात पुसत जवळ आली. "काका," ती म्हणाली, आणि या खेपेला ती त्यालाच म्हणत होती, "बरोबर आहे ना ते? या रविवारी शर्यत आहे."

त्या क्षणी सांगणं किती सोपं होतं. चार शब्दांचं काम. पण सायलेन्सरचा तो भाबडा, अभिमानाने फुललेला चेहरा समोर होता. गुरूवर आंधळा विश्वास ठेवून चुकलेला; आणि अशी चूक तर जो खरंच शिकलाय तोच करतो, पुस्तकवाला कधी करत नाही. हा विश्वास तीस वर्षांनी पायाशी आलेला, तो लाथाडायचा कसा? शिवाय आतून कुणीतरी बारीक आवाजात म्हणत होतं, मला विचारलं असतंस तर. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर.

"हं," तो म्हणाला.

घरी येऊन जेवला. चव लागली नाही, तरी मीठ कमी आहे म्हणाला. शुक्रवारी लेथवर एक शाफ्ट लावला होता. छत्तीस वर्षांत याच्या हातचं काम वाया गेलं नव्हतं, म्हणून टूलरूममधले त्याच्याकडे शेवटची फिनिशिंग देत. धातूच्या चिपा निळ्या होऊन वळत होत्या. त्या वळताना त्याला मैदानातला चढ दिसत होता. त्यावर दादा चढत होता, मग दादाच्या हेल्मेटखालून वेणी बाहेर आलेली दिसली, मग आवाज थांबला. मशीनचा नव्हे, त्या चढावरचा. त्याने हात मागे घेईपर्यंत टूल शाफ्टमध्ये खोल गेलं होतं. सुपरवायझर येऊन बघून गेला, रागावला नाही, उलट पाठीवर हात ठेवला, "होतं उस्ताद, चार महिने राहिले ना." तो भंगार झालेला शाफ्ट हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. हंगामभर वाट पाहूनही दादा पडला नाही. त्या वेळी तो पडावा असं आपल्याला वाटत होतं का? वाटत होतं, त्याने स्वतःला सांगितलं. थोडासा. फार लागू नये, पण पडावा, आणि उठून म्हणावं, तुझ्याशिवाय जमत नाही. आणि कालच्या 'हं'मध्ये काय होतं? तेच होतं. त्यात फरक एवढाच की दादा कसाही पडला तरी उठायचा.

शनिवारी अर्धा दिवस असतो. डायल गेजची पत्र्याची डबी घेऊन तो थेट निघाला. रस्त्याने एक थाप घोळवत होता, आणि थाप अशी काही सुरेख जमली की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. हल्लीचं पेट्रोल वेगळं आहे, म्हणायचं. त्या काळच्या पेट्रोलला ते ठिपके बरोबर होते, आताच्याला चालायचे नाहीत, मी लावून देतो. संपलं. पोरगी वाचली, सायलेन्सरचा विश्वास वाचला, उलट उस्तादांना पेट्रोलचीसुद्धा नस कळते अशी ख्याती. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. शटरखाली वाकून आत गेला तेव्हा गाडी पूर्ण उभी होती, सीटसकट, टाकीसकट, आणि किकवर रेघांचा रबर होता. कुठून शोधून आणला देव जाणे.

"काका, एक गंमत दाखवते," पुतणी म्हणाली. मॅग्नेटचं झाकण अजून बसवायचं होतं. तिने टॉर्च धरला. तीन ठिपक्यांत तिने सुईसारख्या बारीक ब्रशने पांढरा रंग भरला होता, कडेबाहेर कणभर न जाता. "तुमची सही आहे म्हणून. पुढे कुणीही उघडलं तरी दिसेल."

तो ते बघत राहिला. थाप जिभेवर तयार होती.

"ती खूण खोटी आहे," तो म्हणाला.

सायलेन्सर हसला. "काय उस्ताद!"

"खोटी आहे. खरी रेघ कथलाखाली आहे, दोन सूत पलीकडे. तुझा गेज बरोबर सांगत होता. यावर पळवली तर पाच फेऱ्यांत इंजिन आवळेल."

दुकानात बाहेरच्या रस्त्याचा आवाज येऊ लागला, म्हणजे सायलेन्सर गप्प झाला होता. पुतणीने टॉर्च बंद केला नाही, खाली केला. "कुणासाठी मारली होती?"

"तुझ्या बाबांसाठी."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे त्यांनी दुसऱ्या कुणाकडे दिली असती तर..."

"पडला असता."

तिने टॉर्च टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "ते जाऊ दे. ते तुमचं आणि बाबांचं. परवा मी विचारलं, बरोबर आहे ना. तुम्ही हं म्हणालात."

"हो."

"का?"

याची कारणं त्याच्याकडे तीस वर्षांची होती. कप होते, कोपर होतं, पाना होता. त्यातलं एकही तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच. "तू याला काका म्हणतेस," तो म्हणाला. आणि साठीला टेकलेल्या माणसाने असं म्हटलेलं स्वतःच्या कानांनी ऐकून त्याचे कान गरम झाले.

"मग काय म्हणू?" ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "सायलेन्सर?"

कुणीच हसलं नाही. सायलेन्सर मुकाट्याने उठला, पुलर आणला आणि चाक बाहेर काढून टेबलावर ठेवलं. कथील कुठे आहे ते दाखवायला हा पुढे झाला, तर सगळं पुसट. आपला चष्मा लेथवर राहिला होता. खिशात बायकोचा होता, काडी आवळायला घेतलेला आणि अजून न आवळलेला. त्याने तोच चढवला आणि बोट ठेवलं. पुतणीने आपल्या पर्समधून कामावरची एक आकड्याची सळई काढली, कवळीच्या दातांच्या फटी साफ करायची, आणि कथील कोरायला लागली. बारीक बारीक करडे कण टेबलावर पडत होते. खालून रेघ निघाली, इतक्या वर्षांनी, सरळ, स्वच्छ, कारखान्याची. तिच्यात त्याचं काही नव्हतं. मग तिने कानस घेतली आणि त्याच्याकडे न बघता तीन ठिपके घासायला सुरुवात केली. पांढरा रंग आधी गेला. कानस सपाट चालत होती, परतताना उचलली जात होती. त्याने एकदा हात पुढे केला आणि मागे घेतला. तिसरा ठिपका गेला तेव्हा तिने त्या जागेवरून अंगठा फिरवला, मग चाक त्याच्यापुढे सरकवलं. त्यानेही फिरवला. काही लागलं नाही.

चाक बसवून त्याने प्लगच्या भोकात गेज घातला, ढिल्या काडीचा चष्मा एका हाताने धरून काटा वाचला, ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी पट्टी हलवली, पुन्हा वाचला. काटा आणि रेघ एका जागी आले. पुस्तकात होतं तेवढंच. म्हणजे आता ही गाडी कुणीही लावू शकत होतं. सायलेन्सर, ती, उद्या कुठलाही परका माणूस पुस्तक उघडून. याची गरज उरली नव्हती, आणि ती याने स्वतःच्या हाताने संपवली होती. सायलेन्सरने किक मारली. आवाज सुटला, पातळ, गोल, त्यातला कडकपणा गेलेला. दादा असता तर मान हलवून "आता बरोबर" म्हणाला असता. पुतणीने मान हलवली आणि इंजिन बंद केलं.

ते दोघं सामान भरायला लागले. दोऱ्या, कॅन, हवेचा पंप. त्याला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, उद्याचं तर नावच कुणी काढलं नाही. त्याने गेज पुसून डबीत ठेवला, डबी मिटवली, शटरपाशी गेला. तिथे थांबला. या थांबण्याची त्याला जन्माची सवय होती. पाठ करून उभं राहायचं, आणि मागून हाक येते का ते ऐकायचं. हाक आली नाही. आतून दोरी ओढल्याचा आवाज येत होता.

तो वळला. "उद्या निघायचं किती वाजता?"

सायलेन्सरने पुतणीकडे पाहिलं. ती गाठ मारत होती. गाठ पूर्ण केली, ओढून पाहिली.

"सहाला," ती वर न बघता म्हणाली. "कुणासाठी थांबणार नाही." आणि मग, थोड्या वेळाने, "येताना चष्मा स्वतःचा आणा."

त्याने हात डोळ्यांकडे नेला. बायकोचा चष्मा अजून नाकावरच होता.